जरा बाजूला बघ

सेंट ओमेर, मेन
१२ नोव्हेंबर

प्रिय मार्गो,

इकडे सगळे ठीक आहेत. तूही ठीक असशील असं धरून चालतो, कारण विचारून घ्यायची दुसरी सोय तू ठेवलेली नाहीस. ऑगस्टमध्ये माझा नंबर तू बंद केलास, त्यावरून भांडायला हे पत्र लिहीत नाही. भांडायची पत्रं लिहून झाली आणि शेगडीत गेलीसुद्धा. हे साधं, खुशालीचं.

थंडी पडली आहे. नदी काठाकाठाने गोठायला लागली आहे, पलीकडचं कॅनडा सकाळी दिसत नाही इतकं धुकं असतं. बटाटे निघून कोठारं भरली. मी दिवसभर सरकत्या पट्ट्यासमोर उभा राहून सडके बटाटे वेगळे काढतो. घरी येतो तेव्हा पाठ फळकुटासारखी झालेली असते आणि हाताचा वास काही केल्या जात नाही. कॉलेज सोडून हेच करायचं होतं का, असं पापा आधी रोज विचारायचे तेव्हा मला राग यायचा. आता विचारत नाहीत, त्याचाही येतो.

तुझी आई शाळेची बस चालवत बास्केटबॉलच्या पोरांना बाहेरगावी घेऊन गेली की तुझी धाकटी भावंडं, ज्युनी आणि बास्तियन, आमच्याकडे असतात. बाकीच्या दिवशीही असतातच. तर ज्युनीने कुठून तरी ऐकलं की वाचनालयात दुर्बीण मिळते, पुस्तकासारखी, कार्ड दाखवून घरी न्यायची. मला ओढत घेऊन गेली. वाचनालयातल्या मिसेस गानियाँ मला बघून चष्म्यावरून म्हणाल्या, "रेनो थिबोडो. पाचवीतलं बेडकांचं पुस्तक अजून तुझ्याकडे आहे." तरी दुर्बीण दिली. बुटकी, जाड, तोफेच्या पिल्लासारखी आहे. तिला पाय नाहीत, टेबलावर ठेवावी लागते. आमच्याकडे अंगणात न्यायला टेबल कुठलं? पेपेंच्या, माझ्या आजोबांच्या, वेळचं बटाट्याचं लाकडी पिंप उलटं घातलं. अगदी मापात बसली.

मिसेस गानियाँनी बजावलं होतं की घरातून काढल्या काढल्या बघायचं नाही. आधी तिला बाहेर थंडीत तासभर एकटी ठेवायची. आतून गरम असली की तारे उकळत्या पाण्यात पडल्यासारखे थरथरतात, काहीच धड दिसत नाही. "तापलेल्या दुर्बिणीचा काही उपयोग नसतो," असं म्हणाल्या, आणि दुर्बिणीकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

आता तुला हसायला देतो. पहिल्या संध्याकाळी, पाचलाच काळोख पडलेला, मी एका झगझगीत ताऱ्यावर रोखली. आणि काय दिसावं? भलामोठा गोल, पांढरा, मधोमध काळं भोक असलेला डोनट. मी पोरांना म्हटलं, हा ग्रह आहे. कुठला, ते मला माहीत नव्हतं, पण माझ्या आवाजावरून त्यांना वाटलं की माहीत आहे. ज्युनीने चित्र काढलं. बास्तियनने त्याचं नाव मार्गो ठेवलं. का, विचारलं तर म्हणाला, "कारण तो मोठा आहे आणि लांब आहे."

दोन संध्याकाळी आम्ही तो मार्गो ग्रह बघत होतो. तिसऱ्या दिवशी ज्युनी त्या बाजूच्या गोल खुंटीशी चाळा करत होती. "रेनो, हा लहान होतोय." मी बघितलं. ती खुंटी फिरवत गेली तसा डोनट आकसत आकसत मिटला आणि शेवटी सुईच्या टोकाएवढा एक ठिपका उरला. साधा तारा. ब्रह्महृदय, असं पुढे पुस्तकात बघितलं. दुर्बीण नीट जुळलेली नव्हती, एवढंच. तारा कधी मोठा दिसतच नाही म्हणे. मोठा दिसला तर समजायचं की आपलं चुकतंय.

बास्तियन रडला. "तू मार्गोला लहान केलंस," म्हणाला. मी म्हटलं, मी नाही, तुझ्या बहिणीने केलं. मग दोघांची मारामारी झाली.

तुझ्या आईलाही, म्हणजे मी जिला लहानपणापासून शेजारची मावशी, तांत म्हणतो तिला, एकदा बोलावलं. शनी दक्षिणेला आला होता, कडं दिसत होतं, खरंच दिसत होतं, ते तरी मी चुकवलं नाही. तांत दनीज ऍप्रनला हात पुसत आली, वाकली, डोळा लावला. "वा, किती सुंदर," म्हणाली. मग ज्युनीने डोळा लावला आणि ओरडली, "मामाँ, इथे काहीच नाही. तो कधीचाच सरकून गेलाय. नुसता काळोख आहे."

"काळोखही सुंदर आहे," तुझी आई म्हणाली आणि स्ट्यू बघायला आत गेली.

आम्ही हसलो. लोक असं करतात, मिसेस गानियाँ म्हणतात. दिसत काहीच नाही, पण दाखवणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून म्हणतात, वा.

थँक्सगिव्हिंगला येणार आहेस का, असं मी विचारत नाही. ज्युनी विचारते आहे. सोबत तिचं चित्र पाठवतो. डोनट खोडून तिने शेजारी ठिपका काढला आहे, नीट बघ, नाहीतर कागदावरचा डाग वाटेल.

तुझा, म्हणजे हा शब्द खोडायचा की ठेवायचा ते तू ठरव,
रेनो


सेंट ओमेर
३० नोव्हेंबर

प्रिय मार्गो,

तू आली नाहीस. परीक्षा आहे असं आईला फोनवर सांगितलंस म्हणे. खरं असेल. टर्की मोठी आणली होती, अजून सँडविच खातोय सगळे. बास्तियनने तुझ्या जागी ताट मांडलं आणि कोणाला उचलू दिलं नाही. मला राग आला होता, तुझ्यावर. तो जेवण होईपर्यंत टिकला. हल्ली राग आला तरी धरून ठेवायला अंगात जोर राहत नाही.

मी फार दमलो आहे मार्गो. तक्रार म्हणून लिहीत नाही. आजकाल पहाटे उठतो, कोठारात कामाला लागायच्या आधी आणखी एक काम करतो. कसलं, ते आत्ता विचारू नकोस. त्यात पैसे नाहीत. सकाळचं ते काम, मग दिवसभर पट्टा, मग संध्याकाळी पोरं आणि दुर्बीण. परवा पिंपाला टेकून उभ्या उभ्या झोपलो. बास्तियनने माझ्या टोपीत बर्फ भरलं तेव्हा जागा झालो.

दुर्बीण परत मिळाली. या थंडीत मागणारं दुसरं कोणी नाही. मिसेस गानियाँ म्हणाल्या, "बेडकांचं पुस्तक आण, मग पुढच्या आठवड्यालाही देते."

तुला एक संध्याकाळ सांगायची आहे. थँक्सगिव्हिंगच्या आधीची. ती नीट वाच.

पुस्तकात होतं की या दिवसांत डोक्यावर देवयानीचा एक धुरकट पट्टा दिसतो, तो तारा नाही, दुसरी आकाशगंगाच आहे. मी शोधला. फार वेळ लागला, मान मोडली, पण सापडला. फुंकर मारलेल्या काचेवर राहते तेवढी वाफ, बस. गंमत अशी की त्याच्याकडे सरळ बघितलं की तो नाहीसा होतो. डोळ्याच्या मधल्या भागाला अंधारात कमी दिसतं म्हणे, कडेने जास्त. म्हणून नजर जरा बाजूला ठेवायची आणि लक्ष मात्र त्याच्यावर. मग तो हळूच उमटतो.

हे पोरांना समजावता समजावता माझा घसा बसला.

"बास्तियन, त्याच्याकडे बघू नको."

"मग कोणाकडे बघू?"

"त्याच्या शेजारी बघ."

"शेजारी काय आहे?"

"काही नाही."

"मग कशाला बघू?"

ज्युनीने चेहरा तिकडे आणि डोळा इकडे करून बघितलं, नाक दुर्बिणीवर आपटलं, आणि दिसलं म्हणाली. दिसलं नव्हतं. तिचं 'दिसलं' मी ओळखतो.

तेवढ्यात तांत दनीज कचऱ्याची पिशवी टाकायला बाहेर आली. मी म्हटलं, तांत, तू बघतेस का, पण हे फार अवघड आहे, कोणालाच जमत नाहीये. ती वाकली. मी सांगायला लागलो की सरळ बघू नकोस, जरा बाजूला... माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "हो, आहे. लांबट आहे. एका बाजूला जास्त उजळ." अगदी तसंच होतं ते. पहिल्या फटक्यात.

मी विचारलं, "तुला एवढं पटकन कसं जमलं?"

"सवय," ती म्हणाली.

"कसली सवय?"

 पिशवी तिथेच विसरून ती आत गेली.

त्या संध्याकाळी पोरं झोपल्यावर मी तिच्याशी बोललो. ती काय बोलली ते मी तुला सांगायचं नाही असं कबूल केलं आहे. मदर मेरीच्या तसबिरीवर हात ठेवायला लावला तिने, मी काय करणार. तुला सांगू नये असं ती म्हणते त्याला कारण आहे, आणि तुला सांगावं असं मला वाटतं त्यालाही कारण आहे, आणि माझं कारण मला चांगलं वाटत नाही. म्हणून गप्प आहे.

फक्त एवढं कर. पुढच्या वेळी फोन करशील तेव्हा तिला म्हण, ज्युनीच्या शाळेतून आलेली चिठ्ठी वाचून दाखव. ती म्हणेल, चष्मा सापडत नाहीये. मग म्हण, मी थांबते. बघ काय होतं.

तू म्हणशील हा परत काहीतरी नाटक करतोय. कॉलेजच्या खानावळीत मी जे केलं त्यानंतर तुला तसं वाटणं साहजिक आहे. पण त्या वेळी मी सगळ्यांसमोर, घरी चल म्हणून, ओरडत होतो. आता ओरडत नाहीये.

झोप येते आहे. अक्षर वाकडं झालं असेल.

रेनो


सेंट ओमेर
११ डिसेंबर

मार्गो,

पाकिटावर बाहेर लिहिलं आहे ते खरं आहे. हे माझ्याबद्दल नाही, तुझ्या आईबद्दल आहे. आधीची दोन्ही न फोडता ठेवली असशील तर ठेव, हे एक वाच. खाली बसून वाच.

तुझ्या आईच्या डोळ्यांचा मधला भाग जातो आहे. दोन्ही डोळ्यांचा. सप्टेंबरमध्ये ती तुझ्या मावशीकडे जाते म्हणून गेली होती ना, ती बँगोरला डॉक्टरकडे गेली होती. चष्म्याने सुधारण्यातलं नाही. कडेचं राहील, मधलं पुसत जाईल. तोंडाकडे बघितलं तर तोंड दिसत नाही, कान दिसतात, असं ती सांगते. आता मला कळलं ती शनी बघून वा का म्हणाली, आणि ज्यात कोणालाच काही दिसत नव्हतं ते तिला लगेच का दिसलं. त्या संध्याकाळी ती म्हणाली होती, "मी आता सगळंच असं बघते, रेनो. शेजारी बघून."

आणि अशी ती शाळेची बस चालवत होती.

मी ओरडायचं ते ओरडलो. तिने ओरडू दिलं. मग म्हणाली की रस्ता तिला पाठ आहे, बस चालवणाऱ्यांची तब्येतीची तपासणी वसंतात आहे, तोपर्यंत काहीतरी जमवेल. तुला कळवू नको म्हणाली. "कळलं तर ती बॅग भरून परत येईल. या रस्त्यावर अर्धं कॉलेज करून परत आलेलं एक पोर पुरे आहे."

मी त्याच वेळी शाळेत जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बस गेली की तिच्याकडे काय उरतं हे मला माहीत होतं, आणि ती रडत होती. तिला रडताना मी कधी बघितलं नव्हतं. मग मीच तो मूर्खपणा सुचवला. छोट्यांना चढवायला-उतरवायला मदतनीस म्हणून मी रोज पहाटे बसमध्ये बसायचं, तिच्या मागच्या सीटवर, आणि सांगत राहायचं. समोर वळण आहे. पुढे ट्रक थांबलाय. टपालपेटीशी दोघं उभे आहेत. शाळेत कोणाला संशय आला नाही, उलट मुख्याध्यापिका मला शाबास म्हणाल्या. ते माझं पहाटेचं काम.

कधी कधी ती माझ्यावर ताण करायची. मी म्हणायचो, हरीण. ती म्हणायची, "ते मला तुझ्या आधी दिसलं. कडेला आहे ना." आम्ही हसायचोसुद्धा. काळोखात, हीटर गुरगुरतोय, मागे पोरं पेंगताहेत, आणि आम्ही दोघं एक जोडी डोळे वाटून घेतोय.  घरी येऊन कोठारात जायचो तेव्हा सडका बटाटा आणि चांगला बटाटा यातला फरक कळायचा नाही, इतका दमलेला असायचो.

गेल्या मंगळवारी बर्फ भुरभुरत होतं. सीर कुटुंबाच्या घरासमोर थांबलो. तीन पोरं चढली. त्यांची धाकटी, लिलीआन, या वर्षीच शाळेत जायला लागली आहे, ती रस्ता ओलांडून मागून येत होती. मी बसच्या मागच्या बाजूला एकाचा अडकलेला पट्टा सोडवत होतो. तुझ्या आईने आरशात बघितलं, कडेला बघितलं, मग सरळ समोर बघितलं. आणि सरळ समोरचंच तिला दिसत नाही. लिलीआनचा हातमोजा पडला होता. ती बसच्या पुढ्यात वाकून तो उचलत होती. मला काचेतून फक्त टोपीवरचा लाल गोंडा दिसला.

मी ओरडलो. नुसता ओरडलो, शब्द नव्हता त्यात. बस जागेवरून जेमतेम हलली होती. थांबली.

लिलीआन चढली, हातमोजा दाखवत. पोरांना वाटलं मला उंदीर दिसला. शाळेपर्यंत सगळी मला उंदीर उंदीर म्हणून चिडवत होती. बास्तियन सगळ्यात जास्त.

आवारात बस लावून तुझ्या आईने इंजिन बंद केलं. पोरं उतरून गेली. ती स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली.

"तू ओरडला नसतास तर?"

"ते मला विचारू नकोस, तांत."

"मी समोर बघितलं होतं, रेनो. मी नीट समोर बघितलं होतं."

"माहीत आहे."

आणि मग मी म्हटलं, "आज तू आत जाऊन सांग. नाहीतर मी सांगतो. आणि मार्गोलाही कळवतो."

तेव्हा ती वळली. माझ्या कानाकडे बघत होती, म्हणजे माझ्या डोळ्यांत. म्हणाली, "बरोबर. मग ती घरी येईल. तुला तेच हवंय ना?"

ते खरं होतं, मार्गो.  मागच्या पत्रात मी तुला सगळं लिहिलं होतं, एकदा नाही, दोनदा. 'आईला तुझी गरज आहे, तू ये' असं वाक्य लिहिलं, वाचलं, आणि मला आनंद झाला. तुझ्या आईचे डोळे जाताहेत आणि मी टेबलाशी बसून आनंदात. त्या आनंदाची मला भीती वाटली. म्हणून ती पानं जाळली आणि तुला ती शाळेच्या चिठ्ठीची अर्धवट युक्ती लिहून पाठवली. पुढ्यातल्या गोष्टीकडे मीही बघत नव्हतो.

तिला म्हटलं, "हो. तेच हवंय. तरी सांगायला लागेल."

ती हसली. तसं ती कधीतरी हसते ना, नाकातून. म्हणाली, "निदान खोटं तरी बोलत नाहीस." मग बसच्या किल्ल्या काढल्या, कोटाच्या खिशात टाकल्या, खाली उतरली. पायऱ्यांवर मी हात धरायला गेलो तर फटकारला. "पायऱ्या मला दिसतात. त्या खाली असतात."

आत जाऊन तिने स्वतः सांगितलं. मी बाहेर उभा होतो. बराच वेळ लागला. आली तेव्हा किल्ल्या नव्हत्या. शाळेच्या स्वयंपाकघरात जागा निघेल असं म्हणताहेत, ठरलेलं नाही. झुपकेदार मिशीचा तो पेलेतिए आता बस चालवतो आणि प्रत्येक वळणावर उशीर करतो. मी म्हटलं, बसचं लायसन मीच काढतो. तुझी आई म्हणाली, "तू? तुला राग आला की पोरांसकट बस नदीत घालशील." म्हणजे ती बरी आहे. दिवसा बरी असते. संध्याकाळी दिवा न लावता बसते कधी कधी. ज्युनी तिला टपाल वाचून दाखवते, बिलंसुद्धा, कठीण शब्द आले की स्पेलिंग सांगते.

दुर्बीण उद्या परत करायची आहे. बेडकांचं पुस्तक सापडलं, तेही देतो. काल शेवटचं म्हणून चौघं बाहेर गेलो. तुझी आई मोठा कोट घालून आली आणि बास्तियनला देवयानी दाखवायचं तिने स्वतःवर घेतलं. मी पिंपापासून लांब उभा राहिलो. तिने त्याला मांडीवर घेतलं, हनुवटी धरली, आणि म्हणाली, "त्याच्याकडे जायचं नाही. त्याच्या शेजारी जाऊन गप्प उभं राहायचं. त्याला वाटलं तर तो येतो." तो खूप वेळ गप्प होता. बास्तियन एवढा वेळ गप्प राहिलेला मी पाहिला नाही. मग म्हणाला, "आला."

खरंच आला होता. त्याचं 'दिसलं' मला ओळखता येतं.

आता मुख्य. हे पत्र मी तुमच्या स्वयंपाकघरात बसून लिहितो आहे. तुला कळवायला ती कबूल झाली, पण एका अटीवर. मी म्हटलं, तूच फोनवर सांग ना तिला. ती म्हणाली, "मी येऊ नको म्हटलं तर मार्गो समजेल की आई झाकून ठेवतेय, आणि धावत येईल. तू लिही. तू येऊ नको लिहिलंस तर तिला पटेल. तिने यावं, तिने यावं म्हणून वर्षभर तूच गावाचे कान किटवलेस. तुझ्या हातून ते निघालं तर ते खरंच असणार."

ती समोर बसली आहे. पुढ्यात प्लोई आहेत, तिची ती कुट्टूच्या पिठाची धिरडी, गार होताहेत, लोणी थिजलं आहे. बाकीचं मी काय लिहितोय ते तिने विचारलेलं नाही. या वाक्याची वाट बघते आहे.

नाताळच्या सुट्टीला ये. तिच्याशेजारी बस, तिचा चेहरा तिला दिसत नाही म्हणून ती केस विंचरताना काय काय करते ते बघ, हस, खिमा भरलेला मीट-पाय खा. राहायला येऊ नकोस, मार्गो. सुट्टी संपली की परत जा आणि ते पुरं कर. इथे मी आहे. पोरांचं बघतो, तिला डॉक्टरकडे नेतो. यासाठी तू मला काही द्यावंस असं नाही, नंबरसुद्धा चालू करू नकोस तुला नको असेल तर. तुला मी फार दिवस त्या डोनटसारखं बघितलं. आता जेवढी आहेस तेवढी दिसतेस, लहान आणि लांब, आणि अगदी स्पष्ट.

जायच्या दिवशी बसस्टॉपवर तुला सोडायला मीच येईन, कारण तुमची गाडी आता दुसरं कोण चालवणार. तू काचेतून हात करशील की नाही माहीत नाही. केलास तर मी सरळ तुझ्याकडे बघणार नाही. जरा बाजूला बघेन.

"लिहिलंस?" तिने विचारलं. म्हटलं, लिहिलं. "वाच," म्हणाली. मी फक्त तेवढं एक वाक्य वाचलं, राहायला येऊ नकोस, ते. तिने ऐकलं. परत वाच म्हणाली. परत वाचलं. दुसऱ्यांदा जरा नीट आलं.

"आता सही कर," म्हणाली.

करतो.

रेनो